तिथी पाहून समुद्रावर

पुण्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. घरात लहानमोठी अकरा माणसे. मामंजींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, सासूबाई सहासष्ट वर्षांच्या, त्यांच्याहून थोड्या धाकट्या आत्याबाई, दोघे कर्ते बंधू, त्यांपैकी थोरल्याच्या पत्नी या पत्रलेखिका, एक जाऊबाई, एक अविवाहित दीर आणि तीन मुले. मुलांची वये दीड, चार आणि सात. घरी मोटार एकच व तीही पाच जणांची. "दिवाळीच्या सुटीत समुद्रावर जावे असे सर्वांच्या मनात आहे, परंतु गोव्याचा खर्च मांडून पाहिला तेव्हा यजमानांनी वही मिटून ठेवली. लहान मुलांना घेऊन, बेताच्या पैशांत, घरच्या गाडीने समुद्र दाखवून आणण्याची काही रीत असल्यास कळवावी," असे त्या लिहितात. गेले काही महिने आम्ही या सदरात पाठांतर आणि हस्ताक्षर यांचाच घोष चालविला होता. वाचकांसही थोडा वारा हवा असेल, म्हणून या खेपेस सर्व जागा या पत्राच्या उत्तरास देतो.

प्रथम खर्चाची गोष्ट. प्रवासात पैसा कोठे जातो हे ज्याने हिशेब लिहून पाहिला आहे त्यास ठाऊक असते. तो मुक्कामात फारसा जात नाही, हलण्यात जातो. चार दिवसांत चार गावे पाहावयाची म्हटली म्हणजे चार वेळा बिछाने बांधणे, चार वेळा नव्या खोल्यांचे दर ठरविणे, वाटेत भूक लागली म्हणून दिसेल तेथे थांबणे आणि मुले रडू लागली म्हणून दिसेल ते विकत घेणे, हे सर्व ओघाने आलेच. मोठ्यांना गावे मोजण्याची हौस असते. लहान मुलाला दुसऱ्या दिवशीही तीच वाळू, तोच खड्डा आणि काल पुरून ठेवलेला तोच शिंपला हवा असतो. म्हणून आमचे सांगणे असे की, एकच गाव निवडावे आणि तेथे तीन रात्री राहावे. जाण्यायेण्याचा खर्च दोन दिवस राहिले काय किंवा चार दिवस राहिले काय, तेवढाच पडतो. वाढतो तो केवळ जेवणाचा व खोलीचा. दोन वेळा धावत जाऊन येण्यापेक्षा एकदाच जाऊन बसणे स्वस्त पडते ते यामुळेच.

पुणेकरांस असे गाव हवे तर आम्ही दिवेआगर सुचवू. ते रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात आहे. पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, म्हसळे, बोर्ली पंचतन असा रस्ता असून अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे. किनारा लांब, सरळ आणि वाळूचा. वाळूच्या मागे सुरूची झाडे आणि त्यांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. गाव लहान असल्यामुळे घरापासून पाण्यापर्यंत मुलांच्या पायांनीही चालत जाता येते, आणि मोटार तीन दिवस जागची हलवावी लागत नाही, हा मोठा लाभ. जाऊन येऊन ३२० किलोमीटर आणि मध्ये एक दिवस जवळपास फिरण्याचे म्हणून आणखी ८० धरले तर ४०० होतात. घाट आहे, गाडी भरलेली आहे, म्हणून लिटरमागे १५ किलोमीटर धरू. म्हणजे सुमारे २७ लिटर पेट्रोल. लिटरला शंभर रुपयांच्या वर भाव धरता पावणेतीन ते तीन हजार रुपये झाले. ही रक्कम वहीच्या पहिल्या ओळीत लिहावी. ती कमी होण्यासारखी नाही, आणि एका गावी राहिले तर वाढण्यासारखीही नाही.

आता अकरा माणसे आणि पाच जागा यांचे गणित. आमच्याकडे अशा वेळी मुले मांडीवर घेण्याची वहिवाट आहे. ती आम्हांस मुळीच मान्य नाही. गाडी अकस्मात थांबली म्हणजे मांडीवरचे मूल आईच्या हातात राहत नाही. तिने कितीही घट्ट धरले तरी राहत नाही, कारण ते बळ मनुष्याच्या बाहूंचे काम नव्हे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तीत चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनात बांधलेले नसल्यास हजार रुपये दंड सांगितला आहे. दंडाच्या भीतीने का होईना, पण प्रत्येक मुलास आपली जागा द्यावी.

मग उरलेल्या मंडळींनी काय करावे? दुसरी मोटार भाड्याने केली तर सगळा बेत कोसळतो. तेव्हा घराचे दोन भाग करावे. मोटारीत थोरले बंधू, पत्रलेखिका, जाऊबाई आणि दोन लहान मुले, एस.टी.त मामंजी, सासूबाई, आत्याबाई, दीर आणि सात वर्षांचा नातू. जाऊबाईंचे यजमान मोजणीत राहिले असे कोणी म्हणेल; त्यांनीही एस.टी.च धरावी. पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांस २६ ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. स्त्रियांस १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. पाच वर्षांवरील व बारा वर्षांपर्यंतच्या मुलास अर्धे तिकीट पूर्वीपासूनच आहे. म्हणजे मामंजींचे काही नाही, सासूबाई व आत्याबाई मिळून एक, नातवाचे अर्धे, आणि दोघा कर्त्या पुरुषांची दोन. सहा माणसे आणि साडेतीन तिकिटे! वयाचा दाखला म्हणून आधारपत्र मात्र जवळ बाळगावे. आणि नातवास आजोबांच्या शेजारची खिडकी मिळाली म्हणजे त्याचा प्रवास मोटारीतल्या भावंडांपेक्षा अधिक सुखाचा होतो, हे वेगळे सांगावयास नको. श्रीवर्धन-म्हसळ्याकडे जाणाऱ्या गाडीने म्हसळ्यास किंवा बोर्लीस उतरावे. घरच्या मोटारीने दुसरी फेरी घालून मंडळींना आणणे फार लांबचे काम नाही.

एवढे झाल्यावर मुख्य प्रश्न असा की, जावे केव्हा? सामान्यतः लोक शनिवार-रविवार पाहतात, किंवा पौर्णिमा पाहतात, कारण चांदण्यात समुद्र शोभतो. शोभतो खरा; परंतु लहान मुलांच्या दृष्टीने पौर्णिमा आणि अमावास्या या दोन तिथी समुद्रावर जाण्यास सर्वांत गैरसोयीच्या आहेत. का, ते सांगतो.

कोकणात कोळी बांधवांत भरती काढण्याचा एक आडाखा फार जुना आहे. तिथीचा अंक घ्यावा, त्यास तिनांनी गुणावे, चारांनी भागावे. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. ज्यांनी लहानपणी पाऊणकीचा पाढा म्हटला आहे त्यांस हा गुणाकार तोंडीच येईल, आणि ज्यांच्या मुलांनी म्हटलेला नाही त्यांस तो शिकविण्याचे याहून चांगले निमित्त मिळणार नाही. चतुर्थीस तीन वाजता भरती, अष्टमीस सहा, दशमीस साडेसात, एकादशीस सव्वाआठ, पौर्णिमेस सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, गणती प्रत्येक पक्षात प्रतिपदेपासून नवी. दिवसातून भरती दोन वेळा येते, एक सकाळच्या अंगाची व दुसरी तिच्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. दोहोंच्या मध्ये, भरतीनंतर सहा तासांवर थोडेसे, पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे सरते. एका तिथीस पाऊण तास हे त्याचेच ढोबळ मोजमाप. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, हे ध्यानात ठेवावे. आणि हा आडाखा मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे, खंबायत किंवा बंगाल येथे तो नेऊ नये. नेमकी वेळ हवी असल्यास भरतीची छापील कोष्टके असतात व ती मोबाईलवरही मिळतात. परंतु कोष्टक पाहावयाचे आहे ही आठवण तरी पाऊणकीने होतेच. सहज आठवले म्हणून सांगतो, संस्कृतात वेला या शब्दाचे अर्थ समुद्राचा किनारा, समुद्राची भरती आणि काळ असे तिन्ही आहेत. आपली 'वेळ' तेथूनच आलेली. ज्यांनी हा शब्द घडविला त्यांस किनाऱ्यावर राहणे म्हणजे घटका मोजणे हे पुरते ठाऊक असावे.

आता पौर्णिमेचा दिवस पाहा. सव्वाअकरास भरती, म्हणजे दुपारी बारापासून साडेपाचपर्यंत ओहोटी चालू. आपली मंडळी जेवून, वामकुक्षी आटोपून, चहा घेऊन किनाऱ्यावर येतात चार-साडेचार वाजता. त्या वेळी पाणी आत ओढत असते. आणि पौर्णिमा-अमावास्येस उधाण असल्यामुळे ती ओढ महिन्यातील सर्वांत जोराची. पाणी दूर गेलेले, मुले त्याच्या मागे धावत जातात, पायाखालची ओली वाळू सरकते. याच्या उलट नवमी, दशमी, एकादशी या तिथींस समुद्र भांगाचा असतो, चढउतार थोडा. दशमीस साडेसातास भरती म्हणजे दुपारी पावणेदोनच्या सुमारास पाणी वळते, आणि चार ते सहा या कोवळ्या उन्हाच्या वेळी ते हळूहळू किनाऱ्याकडे येत असते. सकाळीही साडेसातपर्यंत तेच. मुलांना पाण्याच्या कडेला बसविण्याचे जे दोन प्रहर, तेच पाणी येण्याचे प्रहर, असा योग पंधरवड्यात या तीन-चार दिवसांतच येतो.

आणि दिवाळीच्या सुटीचे म्हणाल तर लक्ष्मीपूजनापासून नवव्या-दहाव्या दिवशी कार्तिक शुद्ध नवमी येते. बहुतेक शाळांची सुटी तोवर संपलेली नसते. भाऊबीजेची गर्दी ओसरलेली असते, खोल्यांचे दर उतरलेले असतात, पाऊस गेलेला असतो आणि हिवाळ्याचे कुरव पक्षी किनाऱ्यावर येऊ लागलेले असतात. नवमीस पोचावे, दशमी-एकादशी राहावे, द्वादशीस परतावे. एकच अडचण. कार्तिकी एकादशीस एस.टी.च्या पुष्कळ गाड्या पंढरपुरास लागतात, तेव्हा आरक्षण आधीच करून ठेवावे. एकादशीचा उपास करणाऱ्यांनी जेवण देणाऱ्या घरी आदल्या दिवशी तसे सांगावे. ऐनवेळी साबुदाणा भिजत नाही.

तिथीचे एवढे माहात्म्य सांगितल्यावर तिची मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस गेलेले चौदा विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. आम्ही त्या दिवसाची तिथी पाहिली. वद्य अष्टमी होती. उधाण नव्हते; भांगाचा समुद्र होता आणि आमच्या आडाख्याने पाहता दुपारी पाणी चढत होते. तरीही चौदा तरुण मुले गेली. म्हणून जो कोणी आमचा हा लेख वाचून म्हणेल की, आज दशमी आहे, आता मुलांना सोडण्यास हरकत नाही, त्याने हा लेख वाचला नसता तर बरे, असे आम्हांस वाटेल. तिथीवरून पाणी कोठे असेल ते कळते. पाण्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही.

पाण्याच्या पोटातील गोष्ट अशी असते. लाटा जे पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात त्यास परत जावेच लागते. ते सर्वत्र सारखे परतत नाही; वाळूत कोठे तरी घळ पडलेली असते, तिच्यातून ते नदीसारखे जोराने आत जाते. वरून पाहणाऱ्यास त्या ठिकाणी लाटा कमी फुटताना दिसतात, पाणी शांत वाटते. आई-बापांस नेमकी तीच जागा मुलांसाठी बरी वाटते, हा त्यातला घात. अशा ओढीत मोठा मनुष्य सापडला तर त्याने किनाऱ्याकडे तोंड करून ओढीशी झुंजू नये, त्यात दम जातो. तरंगत राहावे, हात वर करून हाक मारावी आणि किनाऱ्याला समांतर आडवे सरकत जावे. ओढीची रुंदी थोडीच असते, ती संपली की लाटाच बाहेर आणतात. परंतु चार वर्षांच्या मुलास हे सांगून काय उपयोग? त्यासाठी नियम एकच. मुलाच्या गुडघ्यापर्यंत पाणी, त्यापलीकडे नाही, आणि मूल व समुद्र यांच्या मध्ये एक मोठे माणूस उभे. त्या माणसाचे तोंड समुद्राकडे नव्हे, मुलाकडे.

हे माणूस कोण, हे घरून निघण्यापूर्वी ठरले पाहिजे. एकत्र कुटुंबाचे अनेक गुण आहेत, आम्ही स्वतः त्यातच वाढलो. परंतु त्याचा एक दोष समुद्रावर फार महाग पडतो. आठ मोठी माणसे किनाऱ्यावर असली म्हणजे प्रत्येकास वाटते की, मुलाकडे कोणी तरी पाहतच आहे. आईला वाटते आत्याबाई पाहत आहेत, आत्याबाईंना वाटते काका पाहत आहेत, आणि काका मोबाईलवर सूर्यास्ताचे चित्र घेत असतात. म्हणून पाळ्या लावाव्या. तीन मुले, तीन पहारेकरी, अर्ध्या तासाची पाळी. पाळी बदलताना "आता तुझ्याकडे" असे तोंडाने म्हणावे आणि "बरे" असे ऐकूनच उठावे. हे वाचून कोणास हसू येईल. येऊ द्यावे, पण पाळ्या लावाव्या. मामंजी व सासूबाई यांना मात्र पहाऱ्यावर नेमू नये. नातवाच्या मागे धावणे त्यांना झेपणार नाही आणि तसे म्हणणे त्यांच्या जिवावर येईल.

वाळूवर मोटार नेण्याचा मोह काही पुरुषांस होतो. ओहोटीत वाळू पाटासारखी घट्ट दिसते आणि भरतीत तीच चाके गिळते. गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे उभी करावी, मग तिचा विचार करू नये.

आता निघण्याविषयी. पहाटे पाचास निघावे. मुले झोपेतच उचलून गाडीत बांधावी; ती जागी होईतो मुळशीचे पाणी दिसू लागते. ताम्हिणीची वळणे बऱ्याच मुलांस बाधतात. घाट उतरेपर्यंत पोट हलके ठेवावे. दूध तर मुळीच देऊ नये, एखादे कोरडे बिस्किट किंवा राजगिऱ्याची वडी पुरे. चालत्या गाडीत मुलाच्या हाती मोबाईल किंवा चित्रांचे पुस्तक दिले तर मळमळ हमखास होते. त्यास समोरचा रस्ता पाहू द्यावा, काच थोडी उघडी ठेवावी, आले व लिंबू हाताशी असावे. दोन जुने टॉवेल आणि चार जाड पिशव्या पायाशी असाव्या, सामानाच्या तळाशी नव्हे. पेट्रोल पुण्यातच भरून घ्यावे. न्याहारी घाट उतरल्यावर निजामपूर-माणगावच्या बाजूस करावी आणि ती घरची असावी: दशम्या, कोरडी चटणी, मुलांसाठी गुळाची पोळी. दहा वाजण्याच्या सुमारास माणूस दिवेआगरास असते.

घरची न्याहारी असावी असे म्हटले, त्यावरून कोणी असे समजू नये की तीन दिवसांचा स्वयंपाकही घरचाच असावा. काही घरांतून शेगडी, कुकर, पोळपाट-लाटणे आणि डाळ-तांदूळ घेऊन प्रवासास निघण्याची चाल आहे, आणि त्यात मोठी काटकसर झाली असे घरातील पुरुष सांगत असतात. ती काटकसर कोणाची? अकरा माणसांच्या पोळ्या पुण्यात लाटावयाच्या त्या दिवेआगरात लाटल्या, तर पत्रलेखिका आणि त्यांच्या जाऊबाई यांनी समुद्र पाहिला तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून. हा खर्च वहीत चढत नाही म्हणून तो नव्हता असे होत नाही. दिवेआगरास व श्रीवर्धनास कित्येक कुटुंबे आपल्या घरी पाहुण्यांची राहण्याजेवण्याची सोय करतात. वरण-भात, आमटी, नारळ घातलेली भाजी, सोलकढी असे साधे जेवण असते, मोठ्या उपाहारगृहापेक्षा पुष्कळ कमी दरात. लहान मुलांचे पैसे धरतात की नाही, धरले तर किती, हे आधी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. उकडीचे मोदक हवे असल्यास सकाळीच सांगून ठेवावे लागतात. दीड वर्षाच्या मुलासाठी मऊ भात व बिनतिखटाचे वरण बाजूस काढून ठेवण्यास कोणतीही गृहिणी नाही म्हणत नाही. हॉटेलात न उतरता घरांतून उतरण्याने आणखी एक गोष्ट होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्याच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारी नावाजलेली. पण नवी पोफळ लावली तर पीक धरावयास पाच-सात वर्षे जातात. तोवर ज्या घरांना पाहुण्यांनी हात दिला त्यांच्याकडे आपले चार पैसे गेले तर ते वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही.

किनाऱ्यावर मुलांस खेळणी विकत घेऊन देण्याचे कारण नाही. जुनी पळी, दोन वाट्या, एक करवंटी आणि गाळणे एवढ्यावर तीन मुले तीन दिवस रमतात. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातलेली दिसते. बारीक खेकडे वाळू तोंडात घेऊन तिच्यातील खाद्य काढून घेतात आणि उरलेली गोळी करून टाकतात, त्याचे हे नक्षीकाम. सात वर्षांच्या मुलास एका बिळापाशी न हलता पाच मिनिटे बसावयास सांगावे. खेकडा बाहेर येतो. घोडागाडी, उंट वगैरे जे काही किनाऱ्यावर असते त्यासाठी घरूनच ठरवावे: प्रत्येक मुलास तीन दिवसांत एक सवारी, ती केव्हा घ्यावयाची ते त्याने ठरवावे. पाण्यावरच्या यांत्रिक नौकांत इतक्या लहान मुलांस बसवू नये. पाण्यातून बाहेर आल्याबरोबर गोड्या पाण्याने अंग धुऊन कोरडे कपडे घालावे, आणि अकरा ते साडेतीन उन्हात नेऊच नये.

मधल्या एका दिवशी हरिहरेश्वरास जाऊन यावे. दिवेआगरहून श्रीवर्धनपर्यंतचा समुद्राकाठचा रस्ता फार सुंदर आहे. श्रीवर्धन हे भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे गाव, हे आजोबांनी नातवास सांगावयाचे. हरिहरेश्वरास देवळामागून खडकांतून प्रदक्षिणेचा मार्ग आहे. तो ओहोटीतच मोकळा असतो. भरतीत लाटा थेट खडकावर येतात आणि तेथे माणसे वाहून गेली आहेत. दशमीस दुपारी दीड-दोनच्या सुमारास पूर्ण ओहोटी, म्हणजे बारा ते दोन यांत प्रदक्षिणा होते. ती मोठ्यांनी दोन गटांत करावी. लहान मुलांना आणि आजी-आजोबांना तिकडे नेऊ नये. देवळात बसून देवाचे दर्शन तितकेच होते.

मुंबईच्या वाचकांसाठी थोडे. त्यांना महामार्गाने जाण्याची सक्ती नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी नेणारी रो-रो नौका मार्च २०२० पासून आहे. तेथून अलिबाग, रेवदंडा, मुरुड, आगरदांडा, आणि आगरदांड्याहून राजपुरीची खाडी मोटारीसकट फेरीबोटीने ओलांडून दिघी. मांडव्याच्या नौकेचे मोटारीचे भाडे थोडे नाही, ते आधी पाहावे आणि पेट्रोलाशी ताडून मगच ठरवावे. खाडीवरची फेरीबोट मात्र स्वस्त, आणि मुलांच्या दृष्टीने साऱ्या प्रवासात तीच सर्वांत मोठी मौज. अलिबाग सोडल्यावर आक्षी गाव लागते. मराठीतील फार जुना शिलालेख, शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा, तो तेथलाच. आणि दिवेआगरास सापडलेला शके ९८२ चा ताम्रपट हाही मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी. आपली भाषा जेथे प्रथम धातूवर व दगडावर उमटली तो हा टापू. मुलांना आज याचे काही वाटणार नाही, आजोबांना वाटेल.

परतीच्या दिवशी, द्वादशीस, सकाळी एक वेळ पाणी पाहू द्यावे आणि अकराच्या आत निघावे, म्हणजे घाट उजेडी पार पडतो. अमसुले, कोकमाचे आगळ, रोठा सुपारी एवढे घ्यावे. शहाळी मोटारीत घालू नयेत, ती घाटात लोळतात. खोल्या ठरविण्यासाठी दूरध्वनी कराल तेव्हा मुलांची वये सांगावी, खोली तळमजल्याची मागावी आणि पाळणा बांधण्यास तुळईला कडी आहे काय, हे विचारून घ्यावे. कोकणातील जुन्या घरांत ती बहुधा असते. दोर तेवढा आपला न्यावा.